तिकीट माफ, गाडी बंद

आईला पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा मी मुद्दाम तिचं आधार कार्ड लॅमिनेट करून दिलं. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ आणि त्यापुढच्या सगळ्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, राज्यात कुठेही जा, कंडक्टरला वयाचा पुरावा दाखवला की झालं. ते कार्ड आता तिच्या बटव्यात आहे आणि बटवा खुंटीला आहे, महिन्यातून एकदा तो खुंटीवरून निघतो पण तो वडापचे, म्हणजे खासगी जीपचे, पैसे द्यायला. कारण गावात गाडीच येत नाही. आधी यायची, सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन फेऱ्या, त्यातली संध्याकाळची मुक्कामी. मग २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या जगाचंच बंद झालं, मग थोडं थोडं सुरू झालं, मग २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास संप झाला तो पार एप्रिल २०२२ पर्यंत चालला, आणि या सगळ्या उलथापालथीतून बाहेर पडताना टोकाच्या गावांच्या फेऱ्या मागेच राहिल्या. सवलत आली आणि गाडी गेली, वर्ष एकच.

गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, हायवे सोडून आत, सह्याद्रीच्या अंगाला. नाव सांगत नाही, कारण त्या पट्ट्यातलं कुठलंही नाव टाकलं तरी पुढचं सगळं तसंच्या तसं लागू होईल. आणि मी राहतो डोंबिवलीत, म्हणजे गाव सोडून गेलेल्यांपैकीच एक आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी म्हणणारच की एवढा कळवळा आहे तर जाऊन रहा ना तिकडे.

आईचा तालुक्याचा दिवस कसा असतो ते सांगतो. बीपीच्या गोळ्या आणि बँक, कामं दोनच. तालुका सतरा किलोमीटर. सकाळी पाखाडी उतरून, पऱ्या ओलांडून, डांबरी रस्त्याने चार किलोमीटर चालत तिठ्यावर यायचं, तिथे वडाप भरेपर्यंत बसायचं, भरलं की निघायचं. काम होतं अर्ध्या तासात. परतीचं वडाप तिठ्यावर सोडतं ते दीड-दोनला, डोक्यावर ऊन आणि पुढे चार किलोमीटर चढ. तो चढ तिला झेपत नाही म्हणून मग स्पेशल रिक्षा. बँकेतून काढलेल्या पैशातला बराचसा पैसा बँकेत जायला-यायलाच लागतो, असा तो व्यवहार आहे. मी डोंबिवलीहून रात्री गाडीत बसतो आणि सकाळी चहाला घरी असतो, तीनशे किलोमीटर येतो पण ते झोपेत होतं, आणि तिला सतरा किलोमीटर जाऊन यायला अख्खा दिवस लागतो. अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सवय आपल्याला नक्की कोणी लावली कोण जाणे.

एकदा स्टँडवर एका जुन्या जाणत्या माणसाशी बोलत बसलो होतो, आयुष्य गेलेलं एसटीत, त्यांनी फार शांतपणे भारमान म्हणजे काय ते समजावलं. गाडीत चव्वेचाळीस सीट, त्यातल्या सरासरी किती भरल्या ते भारमान. सकाळी गावातून तालुक्याला येताना गाडी भरते, पण तीच गाडी गावाकडे जाताना रिकामी जाते, संध्याकाळी उलटं. म्हणजे टोकाच्या गावाची गाडी कितीही चांगली चालली तरी एका बाजूला रिकामी राहणार हे ठरलेलंच आहे. त्यात वेळ चुकली की संपलंच. शाळा-कॉलेज साडेदहाला भरणार असेल आणि गाडी अकराला पोचत असेल तर पोरं कशाला चढतील, आणि पोरं चढली नाहीत की महिन्याअखेरीस कागदावर दिसतं की या फेरीला प्रतिसाद नाही. कागद खोटं बोलत नाही तसं. पण गाडीची वेळ ठरते ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी कशी बसते त्यावरून आणि ती गाडी आधी कुठून येतेय त्यावरून, शाळेच्या घंटेवरून नाही, हे मात्र त्या कागदावर येत नाही. शेवटी ते म्हणाले, "शेवटी प्रश्न एवढाच असतो ओ, गावात माणसं आहेत किती?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण बघायला गेलं तर सगळं सरकारच हा एक प्रश्न विचारत गावात येतं. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तिचा नियम काय, तर सपाटीवर ५०० लोकवस्ती असेल तर रस्ता, डोंगरी राज्यं, आदिवासी भाग, वाळवंट असेल तर २५०. (सह्याद्री डोंगर आहे पण महाराष्ट्र डोंगरी राज्य नाही, त्यामुळे आम्ही सपाटीवरचे. या चढावर एकदा आईला घेऊन चला म्हणजे सपाटी कळेल.) प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे एक, उपकेंद्र ५,००० किंवा ३,००० मागे. ग्रामपंचायतीत १,५०० पर्यंत लोकसंख्या असेल तर सात सदस्य. शाळेचा पट वीसच्या खाली गेला की ती शाळा दुसरीकडे जोडायची चर्चा सुरू. बसला भारमान. प्रत्येक खात्याचा आकडा वेगळा पण प्रश्न तोच, आहेत किती. आहेत कोण, हे कोणीच विचारत नाही, आणि माझं सगळं म्हणणं या दोन प्रश्नांमधल्या फरकाबद्दल आहे.

आमच्या जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार ७७७ माणसं होती, २०११ ला १६ लाख १५ हजार ६९. दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसं कमी झाली. शेजारी सिंधुदुर्गातही कमी झाली. त्याच दहा वर्षांत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली. आता दुसरा आकडा बघा, हजार पुरुषांमागे राज्यात ९२९ बायका आणि रत्नागिरीत ११२२. मुलींच्या बाबतीत कोकण पुढारलेलं वगैरे भाषणं या आकड्यावर झालेली मी ऐकली आहेत. तसं नाहीये ते. पुरुष मुंबईत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे जी माणसं गेली ती सरसकट गेली नाहीत, चाळणीतून गेली. ज्याला चालता येतं, कमावता येतं, बाइक घेता येते तो आधी गेला. चाळणीत वर राहिलं कोण, तर म्हाताऱ्या, म्हातारे, सुना, शाळकरी पोरं, आणि ज्याला काही ना काही कारणाने जाता आलं नाही तो. हजाराच्या गावात सहाशे उरले तर ते सहाशे म्हणजे जुन्या हजाराचं छोटं झेरॉक्स नाही. आधीच्या हजारात गाडीवाचून अडणारे समजा निम्मे असतील, तर या सहाशेत ते जवळजवळ सगळेच आहेत. माणसं घटली तशी प्रत्येक माणसाची गाडीची गरज वाढली, आणि आपला हिशोब मात्र सांगतो की माणसं घटली, गरज घटली, फेरी कमी करा. हिशोब नेमका उलटा धरलाय.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, अहो आता घरटी बाइक आहे, एसटीत बसतंय कोण. बाइक आहे, मान्य. पण ती घराची नसते, घरातल्या एका पुरुषाची असते, आणि तो सकाळी आठला ती घेऊन कामावर गेला की त्या घराकडे दिवसभर बाइक नसते. वहिनीला लेकराला घेऊन दवाखान्यात जायचं असेल तर ती कोणाच्या मागे बसणार? शेजारच्या मुलाच्या मागे बसून गेली तर संध्याकाळपर्यंत वाडीत चर्चा. हे लिहायला बरं वाटत नाही पण हे असंच आहे. अकरावी-बारावीच्या पोरींचं तर विचारूच नका. मुलाला घरचे कर्ज काढून बाइक घेऊन देतात, मुलीला मामाकडे ठेवतात, मामा सोयीच्या गावात राहत नसेल तर दहावीनंतर "बघू पुढच्या वर्षी". आणि गंमत म्हणजे शाळकरी मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे, कितीतरी वर्षांपासूनची आणि खरोखर चांगली, अनेक तालुक्यांतल्या पोरी त्या पासवर शिकल्या. पास आहे. गाडी नाही.

आता पैशाचं बोलू, कारण मुद्दा तिथे अडकलाय असं मला वाटतं. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना एसटीत अर्ध तिकीट आहे. ७५ च्या वरच्यांना पूर्ण माफ. या सवलतीचे पैसे सरकार एसटीला भरून देतं, आणि भरून देतं ते फाटलेल्या तिकिटांवर. वरवर बघता यापेक्षा सरळ काय असणार, जेवढा प्रवास तेवढे पैसे. पण जरा थांबून विचार करा की हा पैसा गावागावात कसा वाटला जातो. हायवेवरच्या गावात दर पंधरा मिनिटाला गाडी आहे, तिथली बाई दिवसातून दोनदा अर्ध्या तिकिटात फिरते, तिच्या नावाने सरकार रोज पैसे भरतं. आमच्या गावातली बाई वडापला पूर्ण पैसे देते, तिच्या नावाने सरकार शून्य रुपये भरतं. दोघींनी मत दिलं, दोघींचा फोटो त्याच बॅनरखाली लागला. सवलत तिकिटाच्या मागे जाते, तिकीट गाडीच्या मागे जातं आणि गाडी भारमानाच्या मागे जाते, त्यामुळे जिथे आधीच गाडी आहे तिथेच सगळे पैसे जाऊन पडतात. गरजूंसाठी काढलेली योजना सर्वात गरजूला वगळते आणि हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, आपोआप होतं. म्हणून कोणाला जाब विचारायची सोयसुद्धा नाही.

बरं, वडापवाल्यांना शिव्या घालायच्या मूडमध्ये मी नाही. दहा सीटच्या गाडीत सोळा माणसं कोंबतात, मागे लटकून पोरं नेतात, पासिंग कसलं आणि इन्शुरन्स कसला, सगळं खरं. पण रात्री दोनला पोटात कळा आल्या तर फोन त्यालाच लागतो आणि तो येतो. कायद्याने तो गुन्हेगार आहे, कारण टप्प्याटप्प्याने प्रवासी घेत जाणं, ज्याला टप्पा वाहतूक म्हणतात, ती आपल्या राज्यात एसटीसाठी राखून ठेवलेली आहे. राखून ठेवण्यामागचं कारण चांगलंच होतं. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली त्याच्या आधी खासगी सर्व्हिस मोटारवाल्यांचा काय कारभार होता ते आमच्या आजोबांच्या पिढीने सांगितलेलं आहे, भरल्याशिवाय हलायचं नाही, वाटेत वाटेल तिथे उतरवायचं. म्हणून सरकारने सांगितलं की नफ्याचा मार्ग आणि तोट्याचा मार्ग दोन्ही आम्ही चालवू, मोठ्या मार्गाच्या कमाईवर लहान गाव जगेल. गाव तिथे एसटी. तो खरं तर एक सौदा होता: मक्तेदारी तुम्ही घ्या, त्याबदल्यात टोकापर्यंत या. आता टोकापर्यंत येणं थांबलंय पण मक्तेदारी तशीच आहे, म्हणजे सौद्याची एकच बाजू चालू आहे. आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी आम्ही पुन्हा तिथेच, वडाप भरायची वाट बघत तिठ्यावर.

आता रस्त्याचं. पूर्वी असं म्हणता यायचं की रस्ताच नाही तर गाडी कुठून आणायची. आता तेही म्हणता येत नाही. आमच्या गावाला डांबरी रस्ता आहे, खड्डे आहेत पण रस्ता आहे, साकवाच्या जागी छोटा पूल झालाय. सरकारी भाषेत गाव "जोडलेलं" आहे. म्हणजे रस्ता झाला की फाईल बंद, त्या रस्त्यावरून माणूस कशाने जाणार हा त्या खात्याचा विषयच नाही. आणि गावाचीसुद्धा नीट मोजणी नाही. कोकणातलं गाव म्हणजे एक गठ्ठा नसतो, दहा-बारा वाड्या, एक डोंगराच्या या कुशीला एक त्या, आणि वर सड्यावर धनगरवाडा, तिथून खाली यायला पायवाट. जनगणनेच्या गावनोंदीत प्रत्येक महसुली गावापुढे बस आहे की नाही, आणि नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत मिळते, पाच ते दहामध्ये मिळते की दहाच्या पुढे, असा रकाना असतो. आहे म्हटलं की आहे. दिवसातून एक येते की दहा येतात, फक्त शाळेच्या दिवसात येते का, पावसाळ्यात येते का, धनगरवाड्यातून त्या बसपर्यंत यायला किती वेळ लागतो, यातलं काही त्या रकान्यात मावत नाही.

आणि तरी कोणाला वाटत असेल की आमच्या रस्त्यावर मोठी गाडी येऊच शकत नाही, तर गणपतीला या. मुंबई-ठाण्याहून कोकणात गणपतीला हजारोंनी जादा गाड्या सुटतात, २०२५ ला तर पाच हजारांच्या आसपास, आणि ग्रुप बुकिंग असेल तर गाडी थेट वाडीपर्यंत येते. आमच्या वाडीच्या खळ्यापासून शंभर पावलांवर मी स्वतः लाल गाडीतून उतरलोय, सामानासकट, पहाटे पाच वाजता. ड्रायव्हर घाटमाथ्यावरचा, हा रस्ता त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला, तरी त्याने आणली. वळणं तीच, चढ तोच, साईडपट्टी तेवढीच. फरक एवढाच की त्या दिवशी गाडीत आम्ही होतो, चाकरमानी, चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस. आम्ही गावाला जातो ते आठ-दहा दिवसांसाठी आणि आमच्यासाठी गाडी दारात येते, ज्या दारात आई वर्षभर राहते. आरती म्हणताना हे आठवून मला जरा चमत्कारिकच वाटलं होतं मागच्या वर्षी.

अर्थात आमचं रडगाणं म्हणजे काही शेवटचं टोक नव्हे, हे पण सांगायला पाहिजे. नंदुरबारच्या डोंगरात बाळंतिणीला बांबूला झोळी बांधून खाली आणतात, त्याला लोकांनी बांबूलन्स असं नाव ठेवलंय, विनोद म्हणून नाही, वैतागून. गडचिरोलीत अहेरी ते गर्देवाडा एसटी पहिल्यांदा धावली ती १ जानेवारी २०२५ ला, स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. मुख्यमंत्री स्वतः गेले होते उद्घाटनाला. मला त्या बातमीतली एकच गोष्ट महत्त्वाची वाटली, तिथे कोणी भारमान विचारलं नाही. विचारलं असतं तर ती गाडी कधीच सुटली नसती. सरकारला त्या भागात आपण आहोत हे दाखवायचं होतं, म्हणून गाडी गेली, आणि ते बरोबरच केलं. म्हणजे गाडी हा फक्त तिकिटांचा धंदा नाही, सरकार गावात पोचलंय याची ती खूण आहे, हे सरकारलाही नीट माहीत आहे. मग गर्देवाड्याला लागू होणारा नियम इतर टोकाच्या गावांना का नाही, की त्यासाठी आधी बंदूक ऐकू यावी लागते?

तोट्याचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेलाय, २०२५ च्या श्वेतपत्रिकेत तो आकडा सरकारनेच मांडला, त्याच वर्षी जानेवारीत जवळपास पंधरा टक्के भाडेवाढ झाली. गाड्या जुन्या, माणसं कमी, पगाराची ओढाताण, ज्या कंडक्टर-ड्रायव्हरांनी पाच-सहा महिने संप केला त्यांनी तो हौसेने केला नव्हता. अशा संस्थेला "तुम्ही अजून तोट्यात चालवा पण आमच्या गावात या" असं म्हणणं म्हणजे बुडत्याच्या खांद्यावर बसणं. मी ते म्हणत नाहीच. मी म्हणतोय की तोटा हा शब्दच इथे चुकीचा वापरलाय. गावच्या रस्त्याला तोटा झाला असं आपण म्हणत नाही, शाळेला, पोलीस चौकीला म्हणत नाही. रस्त्यावर सरकार किलोमीटरमागे लाखोंनी खर्च करतं आणि तो परत मिळावा अशी कोणाची अपेक्षा नसते. त्याच रस्त्यावर दिवसातून दोनदा एक गाडी फिरवायचा खर्च निघाला की मात्र लगेच भारमान.

दुसरा एक आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि तो माझा चुलतभाऊच घेतो, दर मे महिन्यात, फणस कापता कापता. तो म्हणतो, गाडी आली म्हणून कोणी परत येणार आहे का? नाही येणार. इतिहास बघितला तर आमची माणसं मुंबईला गेली तेव्हा रस्ताही नव्हता आणि गाडीही नव्हती, बंदरावरून बोटीने गेली, गिरणीत लागली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या तरी माणसं परत आली नाहीत, डोंबिवली-विरार-नालासोपाऱ्याला सरकली. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा सगळे म्हणाले आता कोकण फुलणार, आणि नंतरच्या पहिल्या पूर्ण दशकात रत्नागिरीची लोकसंख्या उलट घटली. तेव्हा एसटी सुरू करा म्हणजे गाव भरेल, असं कोणी भाषणात सांगत असेल तर तो थापा मारतोय. पण गाडी ही परत येणाऱ्यांसाठी मागायचीच नाहीये. जे आहेत, आज आहेत, त्यांच्यासाठी मागायची आहे. घर पुढेमागे बंद पडणार म्हणून आत राहणाऱ्या म्हातारीची वीज आज तोडत नाही ना आपण.

मग करायचं काय? माझं डोकं जेवढं चालतं तेवढं सांगतो. सवलतीसाठी जो पैसा सरकार देतं त्याचा एक भाग तिकिटापासून सोडवून गावाला बांधा. ज्या गावात सकाळी शाळा-कॉलेजच्या आधी आणि संध्याकाळी सुटल्यावर अशा दोन फेऱ्या येत नाहीत, त्या गावासाठी किलोमीटरमागे ठरलेले पैसे, गाडीत चार माणसं असोत की चाळीस. मोठी गाडी परवडत नसेल तर पंधरा-वीस सीटची आणा. केरळने २०२२ मध्ये ग्रामवंडी म्हणून प्रकार सुरू केला, त्यात डिझेलचा खर्च स्थानिक पंचायत उचलते, गाडी आणि माणसं परिवहन महामंडळाची, आणि मार्ग-वेळ पंचायत सांगते. आपल्याकडे एकट्या सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीला डिझेल झेपणार नाही, पण एका खोऱ्यातल्या पाच-सहा ग्रामपंचायती मिळून, थोडे जिल्हा परिषदेने घालून, जमू शकतं. मुख्य म्हणजे वेळ ठरवायचा अधिकार गावाकडे येतो, आणि अर्धं भारमान वेळेतच अडकलंय. आणि हे नसेल करायचं, तर जिथे एसटी येत नाही एवढ्या मार्गापुरता टप्पा वाहतुकीचा परवाना द्या, बचत गटाला द्या, आत्ता जो चोरून वडाप चालवतो त्यालाच द्या, पण मग पासिंग, इन्शुरन्स, ठरलेली वेळ, ठरलेलं भाडं, आणि म्हातारीचं कार्ड त्याच्या गाडीतही चाललं पाहिजे, पैसे सरकारने त्याला भरावेत. यातलं दोन्ही नाही आणि मक्तेदारी चालू, असं मात्र चालणार नाही.

मुक्कामी गाडीबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण माझ्या मते ती अख्ख्या व्यवस्थेतली सगळ्यात हुशार गोष्ट होती. रात्री आठला शेवटची फेरी गावात येऊन थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपायचे, कोणीतरी भाकरी-कालवण न्यायचं, आणि सकाळी सहाला तीच गाडी निघायची. म्हणजे रिकामी गाडी पहाटे वर आणायचा खर्च वाचला, आणि एवढी मोठी गाडी रात्रभर गावात उभी, अडीनडीला तिच्यातून माणसं दवाखान्यात नेलेली आहेत. पण देवळाच्या पडवीत किती वर्षं झोपणार माणूस? ना संडास, ना पंखा, पावसात गळतंय, कोण तयार होईल आज. हे मात्र आमचं, गावाचं काम होतं आणि आम्ही केलं नाही. सभामंडपाला लाखांनी वर्गणी काढली आम्ही मुंबईकरांनी, टाईल्स लावल्या, स्पीकर घेतला, पण कंडक्टर-ड्रायव्हरसाठी संडासासकट एक खोली बांधावी हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

पुढच्या जनगणनेची तारीख आता ठरलीय, संदर्भ दिवस १ मार्च २०२७. तोपर्यंत २०११ चेच आकडे. २०२४ मध्ये ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला त्यालाही लोकसंख्या २०११ चीच धरली, म्हणजे जी माणसं चौदा-पंधरा वर्षांपूर्वी त्या वाडीत झोपत होती त्यांच्यासाठी रस्ता. (मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरणही २०११ लाच सुरू झालं होतं, त्या वर्षालाच काहीतरी बाधा असणार.) नवीन आकडा आला की आमचं गाव अजून खाली सरकणार यात शंका नाही. मग कुठल्या तरी कार्यालयात कुठल्या तरी योजनेच्या यादीतून नाव जाईल, आणि तसं करणाऱ्याचं काही चुकणार नाही, त्याच्यासमोरचा आकडा तेच सांगत असेल. म्हणून निदान त्या गावनोंदीच्या रकान्यात बस "आहे/नाही" च्या जागी "रोज किती फेऱ्या, किती वाजता" असं विचारा, आणि वाडीवार विचारा, एवढं तरी व्हावं.

मोजायला येणारा माणूस बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजीच असेल, नेहमी असतो. आमच्या शाळेचे गुरुजी तालुक्याला राहतात आणि रोज स्वतःच्या बाइकवरून येतात, पावसाळ्यात दोनदा पडलेत. एसटीने का येत नाही असं त्यांना कोणी विचारत नाही. फेब्रुवारीत ते फॉर्म घेऊन खळ्यात बसतील, आई त्यांना कोकम सरबत देईल, आणि माझं नाव तिथे लिहायचं की डोंबिवलीत, यावर दोघांचं थोडा वेळ बोलणं होईल.